जनसंपर्क शिकायला निघालेल्या आमच्या मुलांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात अ‍ॅडमिशनची पुरवणी आली, त्यात इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, हॉटेल मॅनेजमेंट सगळ्यावर भरपूर लिहिलं होतं, पण पब्लिक रिलेशन्सवर, म्हणजे पीआर किंवा जनसंपर्कावर, मोजून दोन ओळी, ग्लॅमर असलेलं क्षेत्र आहे आणि बोलण्याची आवड हवी. त्या दोन ओळी वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मी २७ वर्षं हेच काम केलं, आधी मुंबईत एका एजन्सीत आणि मग दोन कंपन्यांत, आता रिटायर होऊन देवगड तालुक्यात आमच्या गावच्या घरी असते. पत्र लांबलं तर कापा, पण माशांची पाटी आणि जनसुनावणी ह्या दोन गोष्टी ठेवाच ही विनंती.

आमच्या शेजारची मुलगी यंदा बारावी झाली, तिला मुंबईत मास मीडियाला अ‍ॅडमिशन मिळाली आणि पुढे पीआरच करायचं असं तिने ठरवलंय. पेढे घेऊन आली तेव्हा मागून तिची आजी पण आली, पडवीत टेकली आणि मला म्हणाली, "बाय गो, ह्या चेडू ता शिकान करतला काय? नोकरी खंय गावतली?" म्हणजे ही पोरगी ते शिकून करणार काय, नोकरी कुठे मिळणार. मी सांगायला लागले, कंपनीची प्रतिमा, मीडिया, ब्रँड वगैरे, आणि आजीच्या चेहऱ्याकडे बघून कळलं की ह्यातलं काही तिच्यापर्यंत पोचत नाहीये. मग म्हटलं, आजी, जत्रेला देवळात गाऱ्हाणं घालतात ना, तसलं काम आहे. तेव्हा तिचे डोळे लकाकले.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. गाऱ्हाणं घालणारा माणूस देवासमोर उभा राहतो, "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरू करतो आणि गावाच्या वतीने एकेक सांगत जातो, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या पोराला काम नाही, कोणाचं लग्न जमत नाही, आणि मागे उभे असलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आता हे तोंड भरून सांगायचं तर वर्षभर वाडीत काय काय झालं हे त्या माणसाला माहीत असायला लागतं, म्हणजे तो घराघरात उठबस असलेला माणूस असावा लागतो, नुसता आवाज मोठा असून चालत नाही. आजी म्हणाली, "मगे चांगला आसा", आणि पेढा खाऊन घरी गेली.

मी हे काही आजीची समजूत काढायला म्हटलं नव्हतं. माझं खरंच तेच म्हणणं आहे आणि ह्या पत्रात मला मुलांना तेवढंच सांगायचंय. कॉलेजात तुम्हाला तीन वर्षं शिकवतील की कंपनीचं म्हणणं बाहेर लोकांपर्यंत कसं न्यायचं, प्रेस नोट, पत्रकार परिषद, सोशल मीडिया, इव्हेंट. ते सगळं शिका, लागतंच. पण लोकांचं म्हणणं आत, थेट केबिनपर्यंत न्यायचं हे दुसरं अर्धं काम आहे, ते फारसं कोणी शिकवत नाही आणि ते न करणारा माणूस कितीही छान लिहीत असला तरी त्याच्या लिहिण्याला काही अर्थ राहत नाही. हे मला कसं कळलं ते सांगते.

मी एका कंपनीत नवीन होते, नाव लिहीत नाही, त्यांचा एक कारखाना खाडीच्या काठाला होता. पावसाच्या तोंडावर एका सकाळी तिकडून फोन आला की गावातले लोक गेटवर जमलेत, खाडीत मासे मेलेत म्हणतायत, पेपरवाल्यांचे फोन येतायत, काहीतरी लिहून द्या. साहेबांनी मला बोलावून चार मुद्दे सांगितले, मी खाली बसून त्याचं सुबक मराठी केलं. कारखान्यातून कोणतेही घातक सांडपाणी सोडण्यात आलेले नाही, सर्व यंत्रणा सुरळीत आहेत, नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. फॅक्स गेला, दुसऱ्या दिवशी तीन पेपरांत जसंच्या तसं छापून आलं, साहेब खूश, मी पण खूश, कात्रणं कापून फाइलला लावली. ह्या सगळ्यात मी कारखान्यात एक फोन करून रात्रपाळीच्या माणसाला विचारलं नव्हतं की बाबा रे, काल रात्री नक्की काय झालं.

तिसऱ्या दिवशी मला तिकडे पाठवलं. कोकण रेल्वे तेव्हा पूर्ण सुरू झाली नव्हती, रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून सकाळी पोचले. गेटजवळच्या ऑफिसात माझं टेबल मांडलं होतं. दुपारी एक म्हातारी बाई आत आली, डोक्यावर पाटी, वर ओलं पोतं. वॉचमन तिला अडवत होता तरी ती आली, पाटी खाली उतरवली ती माझ्या टेबलावरच, माझ्या कागदांवर, आणि पोतं बाजूला केलं. बोयटं होती, थोडी काळुंदरं, पोटं फुगलेली, कल्ल्यांचा लाल रंग जाऊन पांढरट पडलेले, वास असा की टेबलापलीकडचा माणूस उठून बाहेर गेला. ती ओरडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "बघा बाई, ही तुमची अफवा." मग एक बोयट उचलून माझ्यासमोर धरलं आणि सांगितलं की ह्या दिवसांत तिची सून रोज पहाटे हे घेऊन बाजारात जाते आणि तीन दिवस गेली नाहीये.

नंतर कळलं की एका टाकीचा व्हॉल्व्ह रात्री उघडा राहिला होता. पाळीवरच्या लोकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला ते पाचव्या दिवशी कळलं, कारण मी विचारलंच नव्हतं आणि मला सांगावं असं कोणाला वाटलं नव्हतं. सातव्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं की आपण छापून आणलेलं खोटं आहे, ते दुरुस्त करायला लागेल आणि त्या लोकांना नुकसानभरपाई द्यायला लागेल. ते मला बाहेर जा म्हणाले. दोन दिवसांनी परत गेले, पाळीची नोंदवही घेऊन गेले. भरपाई मिळाली पण उशिरा आणि कमी, खुलासा छापून आला तो आतल्या पानावर चार ओळींचा. त्या गावात त्या कंपनीचं नाव पुढे कधी नीट झालं नाही आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत "अफवा" हा शब्द लिहायच्या आधी मी दोन ठिकाणी फोन केल्याशिवाय लिहिला नाही.

मुलांनो, पहिल्या वर्षाला तुम्हाला आयव्ही ली हे नाव येईल. अमेरिकेतला माणूस, १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला तेव्हा त्याने रेल्वे कंपनीला सांगितलं की लपवू नका, स्वतःहून पत्रक काढा, आणि पत्रकारांना अपघाताच्या जागी नेऊन दाखवा. त्याआधी रेल्वे कंपन्या अपघात दाबायच्या. पहिली प्रेस नोट म्हणून पुस्तकात हेच उदाहरण असतं. इथपर्यंत सगळे शिकवतात. पण ह्याच माणसाने पुढे १९१४ मध्ये लडलो इथल्या खाणकामगारांच्या संपात मालकांच्या बाजूने पत्रकं काढली, त्यात चुकीची माहिती होती, आणि १९१५ मध्ये सरकारी आयोगासमोर त्याला विचारलं की तुला मिळालेली माहिती खरी आहे का हे तू स्वतः तपासलंस का, तर त्याने कबूल केलं की नाही, काहीच तपासलं नाही. हे मी वाचलं तेव्हा मला ती पाटी आठवली. एकच माणूस, हातात कौशल्य तेच, पहिल्या वेळी पत्रकारांना जागेवर नेलं आणि दुसऱ्या वेळी मालकाने दिलेला कागद तसाच पुढे सरकवला. हे दोन्ही भाग वाचा, परीक्षेला पहिलाच येत असला तरी.

टायलेनॉल ह्या वेदनाशामक औषधाचं उदाहरणही येईल. १९८२, शिकागोच्या आसपास कोणीतरी कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं, ७ माणसं गेली, कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि नंतर सील केलेल्या पॅकिंगमध्ये औषध परत आणलं. हे पीआरचं यश म्हणून शिकवतात. माझ्या मते त्यात खरी गोष्ट बाटल्या परत मागवायच्या निर्णयाची आहे, तो निर्णय झाला नसता तर जगातला कुठलाही पीआरवाला त्या कंपनीला वाचवू शकला नसता. चांगली कामं आधी व्हायला लागतात मग ती सांगता येतात, आणि ती व्हावीत म्हणून आत जाऊन भांडायला लागतं.

आता आपल्याकडचं उदाहरण, जे पुस्तकात असायला पाहिजे आणि बहुतेक नसतं. गुहागरचा दाभोळ वीज प्रकल्प, एन्रॉन ह्या अमेरिकन कंपनीचा. करार १९९३ चा. विरोध सुरू झाला, वेलदूर-अंजनवेलच्या बाजूचे लोक, मच्छीमार, रस्त्यावर आले. १९९५ मध्ये कंपनीच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितलं की प्रकल्प उभा करण्याच्या प्रक्रियेवर आणि भारतातल्या लोकांच्या "शिक्षणा"वर कंपनीने जवळपास २ कोटी डॉलर खर्च केले. तो शब्द इथे खूप गाजला, आरोप झाले, त्या वादात मी जात नाही. मला एवढंच दिसतं की ह्या २ कोटी डॉलरांतून शिकवण्यावर खर्च झाला म्हणतात तर ऐकण्यावर किती गेले? त्याच वर्षी नव्या सरकारने करार रद्द केला, मग परत वाटाघाटी झाल्या, पुढे २००१ मध्ये प्रकल्प बंदच पडला. कारणं अनेक होती, विजेचा दर हे मोठं कारण होतं. पण नंतर जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प घ्या, नाणारची नाहीतर बारसूची रिफायनरी घ्या, दरवेळी मुंबईहून माणसं येतात, गुळगुळीत ब्रोशर, प्रोजेक्टर, चहा-बिस्किटं, आणि गावातल्या माणसाने विचारलेल्या पहिल्याच साध्या प्रश्नाला, आमच्या विहिरीचं काय, आमच्या कातळावरच्या गुरांच्या चरणीचं काय, उत्तर मिळतं की तुमचा प्रश्न नोंदवून घेतलाय. प्रकल्प चांगला की वाईट ह्यावर आमच्या एका घरात दोन मतं आहेत, ते इथे लिहायचं नाहीये. पण कोकणातल्या मुलाने मुलीने हे सगळं दुसऱ्या बाजूला बसून बघितलेलं असतं, समोरच्या खुर्चीवर. मुंबई-पुण्याच्या मुलांकडे हे नसतं. ह्या शिक्षणात ही तुमची सगळ्यात मोठी शिदोरी आहे, ती टाकून देऊ नका, इंटरव्ह्यूला गावाचं नाव सांगताना आवाज खाली करू नका.

म्हणून एक अगदी ठोस काम सांगते. पहिल्याच वर्षी एका जनसुनावणीला, म्हणजे प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला होते त्या जाहीर सभेला, जाऊन बसा. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते त्यांची जाहीर नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, एका मोठ्या राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या पेपरात, आणि प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. तुमच्याच पेपरात त्या नोटिसा येतात, संपादक साहेब, बारीक टायपात. मुलांनी तो मराठी सारांश आधी मिळवून वाचावा आणि स्वतःला विचारावं की हे आपल्या आजीला कळेल का. मग सुनावणीला मागच्या रांगेत वही घेऊन बसावं, मोबाइल खिशात. लोक काय विचारतात ते त्यांच्या शब्दांत लिहावं, आपल्या शब्दांत नको. कोण किती वेळ बोलला, बाई उठली तेव्हा माइक किती लवकर काढून घेतला, कुठल्या वाक्याला सगळा मंडप हलला. रात्री घरी येऊन त्यातून एक पान तयार करावं, कंपनीच्या साहेबाला द्यायचंय असं समजून, की लोकांच्या मनात ह्या तीन गोष्टी आहेत आणि ह्यातल्या दोन गोष्टींना आपल्याकडे आज उत्तर नाहीये. हे एक पान ज्याला लिहिता आलं त्याला ह्या धंद्यातलं निम्मं आलं असं मी समजते.

आता बाहेर सांगायच्या कामाबद्दल. प्रेस नोट लिहायला मला एका उपसंपादकांनी शिकवलं, एजन्सीत होते तेव्हा. एका बँकेच्या नव्या शाखेच्या उद्घाटनाची नोट घेऊन जिल्ह्याच्या पेपरात गेले होते, दीड पान, चेअरमन साहेबांच्या शुभहस्ते, दीपप्रज्वलन, मान्यवरांची नावं अकरा. त्यांनी चष्मा वर केला, लाल पेन घेतलं, पहिले तीन परिच्छेद एका तिरक्या रेघेने उडवले, आणि सगळ्यात शेवटी मी कशीबशी टाकलेली एक ओळ होती की एसटी स्टँडसमोरची जुनी शाखा सोमवारपासून बंद राहील, तिच्याखाली दोनदा रेघ मारली. म्हणाले ही बातमी. महिन्याच्या एक तारखेला पेन्शन घ्यायला म्हातारी माणसं एसटीने येतात, स्टँडवर उतरून समोर जातात, सोमवारी ती बंद दारासमोर उभी राहतील, तुझा कागद त्यांच्यासाठी आहे. नवी शाखा स्टँडपासून किती लांब, रिक्षा जाते का, ते लिहून आण. मी परत बँकेत जाऊन विचारून आले, सहा ओळींची बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर लागली, चेअरमन साहेबांचं नाव त्यात नव्हतं आणि ते माझ्यावर चिडले. पण पुढच्या महिन्यात बंद शाखेसमोर कोणी ताटकळलं नाही.

वार्ताहरांबद्दल पण सांगायला हवं. मुंबईत बसून पिच करणाऱ्या, म्हणजे आमची बातमी घ्या म्हणून फोन करणाऱ्या, मुलांना वाटतं रिपोर्टर म्हणजे ऑफिसात बसलेला माणूस. आपल्या तालुक्याचा वार्ताहर बहुतेक वेळा दुसरं काहीतरी करून बातम्या देतो, दुकान असतं, शिकवणी असते, आंब्याची कलमं असतात. आवृत्तीची पानं संध्याकाळी लागायला लागतात, त्याला रात्री आठला फोन करून अर्जंट म्हणू नका. एप्रिल-मे मध्ये तो आंब्यात अडकलेला असतो. त्याला खोटी माहिती एकदा दिलीत तर तो तोंडावर काही बोलणार नाही पण परत तुमचा कागद उघडणार नाही, आणि गावात तो रोज त्याच लोकांना भेटतो ज्यांना ती खोटी बातमी वाचायला लागली. पाकीट तर कधीच देऊ नका, साहेबांनी सांगितलं तरी.

भाषेचं मनावर घ्या. इंग्रजी लागेल, चांगलं लागेल, मुंबईत त्याशिवाय दार उघडत नाही हे खरंय. पण मालवणी, आगरी, संगमेश्वरी जे घरात बोलता ते सोडू नका आणि प्रमाण मराठी शुद्ध लिहायला शिका. एजन्सीतून येणाऱ्या मराठी प्रेस नोट्स तुम्ही बघता, संपादक साहेब, इंग्रजीवरून मशीनने उलटवलेल्या, कर्त्याला क्रियापद सापडत नाही. तिथे आमच्या मुलांना काम आहे. आमच्या तालुक्यातलं पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव, त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला दर्पण काढलं तेव्हा एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी मजकूर होता, दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचं कळावं म्हणून. शेजारच्या मुलीला मी म्हटलंय की मुंबईला जायच्या आधी एकदा पोंभुर्ल्याला जाऊन ये, स्मारक आहे, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सोशल मीडिया तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतो त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. दोनच गोष्टी. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली ह्या पट्ट्यात वीज गेली, मोबाइल गेले, कितीतरी गावांत बरेच दिवस काहीच नव्हतं, तिथे ट्विट कोण वाचणार होतं, रिक्षावर भोंगा लावून फिरणारा माणूस आणि ग्रामपंचायतीचा फळा हेच माध्यम होतं. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा उलटं, जिथे नेटवर्क होतं तिथे धरणाच्या पाण्याबद्दल इतके मेसेज फिरत होते की खरं कुठलं ते माणसाला कळेना. क्रायसिस कम्युनिकेशन, म्हणजे संकटात लोकांशी कसं बोलायचं, हे शिकताना ह्या दोन दिवसांबद्दल तिथल्या लोकांना जाऊन विचारा, कुठून कळलं, कधी कळलं, कोणावर विश्वास बसला आणि का.

रील्सबद्दल एक. मालवण-तारकर्लीला होमस्टेवाले फुकट राहायला देतात आणि त्या बदल्यात रील करून घेतात, आमच्या ओळखीची दोन मुलं करतात, त्यात वाईट काही नाही, पण जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पैसे किंवा फुकट सोय घेतली असेल तर तसं स्पष्ट लिहायला लागतं. लिहा. बघणाऱ्याचा तो हक्क आहे. हापूसचं पण तसंच, २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या ५ जिल्ह्यांना, आणि तरी बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जातो. एखादा व्यापारी तुम्हाला म्हणाला की जरा ह्याचं प्रमोशन कर तर पेटी उघडून आंबा बघा, बाग कुठे विचारा. आपल्या बापजाद्यांनी कलमं बांधून मिळवलेलं नाव आहे ते.

पैशाचं पण बोलू, कारण घरी आईवडील तेच विचारतात. सुरुवातीचा पगार मुंबईत खोलीभाड्यात जातो, पहिली दोन वर्षं ओढाताण होते, हे आधीच धरून चाला. इंटर्नशिप घेताना स्टायपेंड किती ते पहिल्या दिवशी लेखी विचारा, लाजू नका, गावाकडच्या मुली हे विचारायला फार लाजतात आणि सहा महिने फुकट राबतात. आणि एजन्सीत तुम्हाला एक कोष्टक भरायला देतील, बातमी किती कॉलम सेंटीमीटर आली, तेवढ्या जागेला जाहिरातीचा दर किती, म्हणजे क्लायंटचा एवढ्या लाखांचा फायदा झाला. २०१० मध्ये बार्सिलोनाला ह्या क्षेत्रातल्याच लोकांनी ठरवलं की हे माप धरायचं नाही, तरी ते अजून चालू आहे. भरायला लागेल, नोकरी आहे, पण खाली स्वतःहून एक ओळ जोडत जा की बातमी वाचून किती लोकांनी फोन केला आणि काय विचारलं.

नोकऱ्या फक्त मुंबईतच आहेत असंही नाही. सिंधुदुर्गनगरीला जिल्हा माहिती कार्यालय आहे, तसं प्रत्येक जिल्ह्याला आहे. बँका, पतसंस्था, हॉस्पिटलं, बागायतदारांच्या सोसायट्या, पर्यटनवाले, ह्या सगळ्यांना नीट बोलणारा आणि नीट ऐकणारा माणूस हवा असतो, त्यांना फक्त त्या पदाचं नाव माहीत नसतं. जाताजाता, जनसंपर्क अधिकारी आणि माहिती अधिकार कायद्यातला जनमाहिती अधिकारी ह्यात गल्लत करू नका, २००५ च्या कायद्याने दुसऱ्याला माहिती द्यायची जबाबदारी कायद्यानेच घातलीये आणि उशीर झाला तर दंड त्याच्या खिशातून जातो. पहिल्याला कायदा विचारत नाही, त्याला लोक विचारतात.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे, संपादक साहेब. कॉलेजं मुलांना मोठ्या एजन्सीत इंटर्नशिपला पाठवतात, तिथे ती कात्रणं स्कॅन करतात. तुम्ही वर्षातून दोन-तीन मुलांना तुमच्या डेस्कवर संध्याकाळी चार ते दहा बसू द्याल का, तालुक्याच्या पानावर. किती प्रेस नोट्स येतात, कुठली टोपलीत जाते आणि का, वाचकाचा चिडलेला फोन आला की कोण उचलतो आणि काय बोलतो, हे त्यांना बघू द्या. काही शिकवू नका, बसू द्या नुसतं. आमच्या शेजारची मुलगी गणपतीला गावी येणार आहे. गौरी-गणपती गेल्यावर मुंबईला परतायच्या आधी तिच्याकडे दोन दिवस आहेत. तुमच्या ऑफिसपर्यंत मी स्वतः तिला एसटीने घेऊन येते आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय माझ्या बहिणीकडे आहे. कुठले दोन दिवस चालतील तेवढं कळवा.

आपली,
एक निवृत्त जनसंपर्क अधिकारी
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग